शंभर कोटी मार्कांची थकहमी

१९८३ च्या मे महिन्यात दक्षिण बव्हेरियात, कीमझे तलावाच्या परिसरातल्या श्पोक नावाच्या मळ्यावर दोन माणसं गुपचूप भेटली. मळा रोझेनहाइमचे मांस-व्यापारी योसेफ मेर्झ यांचा. मेर्झ यांचा पूर्व जर्मनीशी गुराढोरांचा आणि मांसाचा मोठा व्यापार होता, त्यामुळे त्यांची दोन्हीकडे ऊठबस होती. भेटणाऱ्यांपैकी एक होते बव्हेरियाचे मुख्यमंत्री फ्रान्झ योसेफ श्ट्राउस. कम्युनिस्टांचा त्यांच्याइतका कडवा विरोधक पश्चिम जर्मनीत दुसरा नव्हता. समोर बसले होते आलेक्झांडर शाल्क-गोलोडकोव्स्की, पूर्व जर्मनीच्या परराष्ट्र व्यापार खात्याचे सचिव आणि श्टाझी या गुप्तचर संघटनेचे कर्नल. जेमतेम महिनाभर आधी पूर्व जर्मनीच्या ड्रेविट्झ नाक्यावर चौकशी चालू असताना एक पश्चिम जर्मन प्रवासी दगावला होता आणि श्ट्राउसनी त्याला जाहीरपणे खून म्हटलं होतं. तरीही ते या माणसाशी बोलायला बसले. विषय होता कर्जाचा.

२९ जूनला बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या, सरकारने बातमी जाहीर केली आणि जुलैच्या सुरुवातीला करारावर सह्या झाल्या. कर्ज देणारा पश्चिम जर्मन बँकांचा एक गट होता, त्यांची म्होरकी म्युनिकची बायरिशे लांडेसबँक. घेणारी होती पूर्व बर्लिनची डॉइचे आउसेनहांडेल्सबँक, म्हणजे पूर्व जर्मन सरकारची परदेश-व्यापार बँक. रक्कम १०० कोटी मार्क, मुदत ५ वर्षं, व्याज लिबोर या लंडनच्या दराच्या वर १ टक्का. जर्मनीत याला आजही नुसतं ‘मिलिआर्डेनक्रेडिट’ म्हटलं की पुरतं, आणि चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही त्यावरून जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात.

माझं नोकरीचं आयुष्य अशाच कर्जांच्या कागदांत गेलं. मी मूळची सांगलीची. वडील जिल्हा बँकेच्या कर्ज विभागात होते. अमुक साखर कारखान्याला शासनाची थकहमी मिळाली का, शिखर बँकेसोबत आणखी कोणत्या जिल्हा बँका कन्सॉर्शियममध्ये येणार, अशा गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले. लग्नानंतर फ्रँकफर्टला आले, भाषा शिकले आणि इथल्या एका बँकेत एजन्सी डेस्कवर लागले. तिथे पहिल्यांदा एका परदेशी सरकारी बँकेची फाइल हातात आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आकडे मोठे आहेत, भाषा वेगळी आहे, पण माणसं तेच प्रश्न विचारताहेत जे वडील विचारायचे. पैसा कुणाच्या नावावर जाणार? मागे कोण उभं आहे? थकलं तर कुठून कापून घ्यायचं?

सिंडिकेटेड लोन म्हणजे एकाच करारावर अनेक बँकांनी मिळून दिलेलं कर्ज. एकटी बँक इतकी मोठी रक्कम एकाच ऋणकोला देत नाही, कारण तो बुडाला तर तीही त्याच्याबरोबर खाली जाईल. म्हणून एक बँक पुढाकार घेते, ऋणकोशी अटी ठरवते, मग बाकीच्यांना फोन करते: तुम्ही किती घेता? कुणी पाच टक्के घेतं, कुणी दोन. प्रत्येक बँक आपल्या वाट्यापुरतीच जबाबदार असते. शेजारच्या बँकेने पैसे दिले नाहीत तर तिचा वाटा आपण भरायचा नसतो. वसुलीत मात्र सगळ्या एका रांगेत उभ्या असतात. ऋणकोने एकीला गुपचूप आधी दिलं आणि दुसरीला टांगत ठेवलं असं चालत नाही. आलेला प्रत्येक मार्क वाट्याप्रमाणे वाटला जातो.

हे वाटप करणारी ती एजंट बँक, आणि माझं काम तेच. व्याजाची मुदत सुरू व्हायच्या दोन कामाचे दिवस आधी लंडनमध्ये सकाळी अकरा वाजता दर ठरायचा. लंडनच्या बँका एकमेकींना ज्या भावाने पैसे देत तो भाव म्हणजे लिबोर. १९८३ मध्ये करारातच चार-पाच बँकांची नावं लिहिलेली असायची. एजंट त्यांना विचारायचा आणि सरासरी काढायचा. समजा सहा महिन्यांचा दर ६ टक्के निघाला. त्यावर १ टक्का, म्हणजे ७. दिवस १८२, वर्ष मात्र ३६० दिवसांचं धरायचं, हा या बाजाराचा जुना रिवाज. १०० कोटी मार्कांवर व्याज येतं ३,५३,८८,८८८ मार्क ८९ फेनिग. पाच टक्के वाटा असलेल्या बँकेला त्यातले १७,६९,४४४ मार्क ४४ फेनिग. हा हिशेब फेनिगपर्यंत जुळवायचा, प्रत्येक बँकेला नोटीस पाठवायची, पैसे ठरल्या तारखेला आले की त्याच दिवशी वाटून टाकायचे. ज्या सकाळी पैसे यायचे असतात त्या सकाळी एजन्सी डेस्कवर कुणी मोठ्याने बोलत नाही. खात्यात आकडा दिसला की काम सुरू, दिसला नाही तर दुपारपर्यंत साऱ्या बँकांचे फोन.

आता प्रश्न येतो की कर्ज सरकारलाच हवं असताना मध्ये बँक कशाला. याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. परदेशी बँकांना ताळेबंद हवा असतो, ज्याच्यावर दावा लावता येईल असं कायदेशीर शरीर हवं असतं, जिथून तारखेला पैसे येतील असं खातं हवं असतं. सरकारी बँकेकडे हे सगळं असतं. पूर्व जर्मनीत तर परदेश-व्यापार पूर्ण सरकारच्या हाती होता. यंत्रं विकून आलेले डॉलर, कॉफी घेण्यासाठी गेलेले मार्क, सगळं याच बँकेतून फिरायचं. कागदावर ती भागभांडवलाची कंपनी होती, नावापुढे ‘आ. गे.’ लागायचं. पण तिची पत म्हणजे त्या देशाची पत, आणि तिचं देणं म्हणजे तिथल्या १ कोटी ६० लाखांहून अधिक माणसांचं देणं.

ती पत १९८२ मध्ये संपत आली होती. सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिश होनेकर यांनी घरं, स्वस्त भाडं, स्वस्त पाव यांचं वचन दिलं आणि त्यातला बराच भाग पाश्चात्त्य कर्जावर चालला. १९७७ मध्ये जगात कॉफीचे भाव भडकले तेव्हा या सरकारला परकीय चलन वाचवण्यासाठी निम्मी भेसळ असलेली ‘काफे-मिक्स’ विकावी लागली होती आणि लोक खवळले होते. मग १९८१ मध्ये शेजारच्या पोलंडने हप्ते थांबवले. रुमानिया अडकला. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. पाश्चात्त्य बँकांनी साऱ्या पूर्व गटाला एकाच दोरीने बांधलं आणि नवीन कर्ज बंद केलं. त्याच सुमाराला सोव्हिएत संघानेही तेलाचा पुरवठा वर्षाला १९० लाख टनांवरून १७० लाख टनांवर आणला. हे तेल श्वेटच्या रिफायनरीत शुद्ध करून पूर्व जर्मनी पश्चिमेला विकत असे आणि त्यातून मार्क मिळवत असे. म्हणजे उत्पन्नही घटलं आणि उधारीही बंद झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं की देशावर फार कर्ज झालं म्हणून तो बुडतो. देश बहुधा अडतो तो जुनं कर्ज फेडायला नवं मिळेनासं होतं म्हणून. मोठे ऋणको मुद्दल खिशातून क्वचितच देतात. एक कर्ज संपतं तेव्हा दुसरं सुरू होतं. त्या साखळीतली एक बँक बिथरली की बाकीच्या तिच्याकडे बघून बिथरतात.

म्हणूनच १९८३ च्या कर्जातली थकहमी मला रकमेपेक्षा महत्त्वाची वाटते. पश्चिम जर्मन सरकारने या कर्जाला हमी दिली. पूर्व बर्लिनने पैसे दिले नाहीत तर बॉन देणार. मग बॉनने स्वतःची सोय काय केली? पश्चिम बर्लिन हे पूर्व जर्मनीच्या पोटातलं शहर. तिथे मोटारीने जायचं तर पूर्व जर्मनीच्या रस्त्यांवरून जावं लागे, आणि त्यासाठी बॉन सरकार दरवर्षी एकगठ्ठा रस्त्याचं भाडं भरत असे. १९८० ते १९८९ या काळासाठी ते वर्षाला ५२ कोटी ५० लाख मार्क ठरलं होतं. पूर्व जर्मनीने हीच येणी कर्जाला तारण दिली. आमच्याकडे शेतकऱ्याने सोसायटीचं पीककर्ज घेतलं की कारखाना उसाच्या बिलातून ते परस्पर कापून सोसायटीला भरतो, तसाच हा बंदोबस्त. हप्ता चुकला की बॉनने भाड्यातून कापून घ्यायचं. ज्याने हमी दिली त्याच्याच हातात ऋणकोचं बिल. दोन वर्षांच्या भाड्यात सगळं मुद्दल वसूल. या धंद्यात इतकं पक्कं तारण मी क्वचित पाहिलं.

मग सरकारने स्वतःच्या तिजोरीतूनच कर्ज का दिलं नाही? कारण चान्सेलर हेल्मुट कोल यांच्या सरकारला संसदेत उभं राहून सांगता यायला हवं होतं की करदात्याचा एक मार्कही यात गेलेला नाही, हा बँकांचा व्यापारी व्यवहार आहे, बाजारभावाने. आणि व्यापारी व्यवहार तो होताच. मात्र म्होरकी बँक कोणती होती तेही पाहायला हवं. बायरिशे लांडेसबँक तेव्हा निम्मी बव्हेरिया राज्याच्या मालकीची, निम्मी तिथल्या बचत बँकांची. तिचे अध्यक्ष लुडविग हुबर हे पूर्वी श्ट्राउस यांच्याच पक्षाच्या सरकारात मंत्री होते. सरकारी बँकेने सरकारी बँकेला दिलेलं, तिसऱ्या सरकारच्या हमीचं हे कर्ज होतं. त्याला निव्वळ व्यापार म्हणणं मला कधी पटलेलं नाही.

श्ट्राउस यांना याची किंमत लगेच मोजावी लागली. जुलैमध्ये पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून त्यांना जेमतेम ७७ टक्के मतं पडली, जी त्यांच्यासारख्या नेत्यासाठी नामुष्की होती. दोन खासदार पक्ष सोडून गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘रिपुब्लिकानर’ हा अतिउजवा पक्ष काढला. श्ट्राउस मात्र जुलैअखेर स्वतः होनेकर यांना भेटायला वेर्बेलिनझे तळ्याकाठच्या शिकारवाड्यावर जाऊन आले.

बदल्यात काय मिळालं हा खरा वादाचा मुद्दा, कारण करारात त्याबद्दल एक ओळ नाही. कर्जाच्या कागदात मुद्दल, व्याज, तारखा, कसूर झाल्यास काय, कोणत्या देशाचा कायदा, एवढंच असतं. माणसांबद्दल जे ठरलं ते तोंडी ठरलं. पण पुढच्या काही महिन्यांत ज्या गोष्टी घडल्या त्या अशा. पश्चिमेकडून येणाऱ्यांना दिवसाला २५ मार्कांपर्यंत रक्कम सक्तीने बदलून घ्यावी लागे. त्यातून चौदा वर्षांखालची मुलं सुटली. नाक्यांवरची वागणूक निवळली. ऑक्टोबर १९८३ मध्ये होनेकर यांनी सीमेवरच्या स्वयंचलित बंदुका काढण्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबर १९८४ अखेर त्या सगळ्या निघाल्या. पुढच्या वर्षी जमिनीतले सुरुंगही गेले. आणि १९८४ मध्ये सुमारे पस्तीस हजार माणसांना देश सोडून जायची परवानगी मिळाली. त्याआधीच्या काही वर्षांत हा आकडा याच्या आसपासही नव्हता.

त्या बंदुका मी पाहिल्या आहेत. बव्हेरिया आणि थुरिंगियाच्या हद्दीवर मोडलारॉइथ नावाचं गाव आहे. टानबाख हा ओढा गावाच्या मधून जातो, आणि तीच दोन जर्मनींची हद्द होती. १९६६ मध्ये या एवढ्याशा गावात भिंत बांधली होती. आता तिथे संग्रहालय आहे. एस. एम. ७० हे त्या यंत्राचं नाव. दिसायला अगदी साधं: लोखंडी नरसाळं, तोंड कुंपणाला समांतर. आत शंभर ग्रॅमच्या आसपास स्फोटक आणि पोलादाचे छोटे छोटे घन. कुंपणाच्या खांबांवर ती तीन पातळ्यांवर बसवलेली असत, पायाच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या. समोरून तारा ओढलेल्या. माणूस तारेला लागला की नरसाळं कुंपणाच्या कडेकडेने उडायचं, म्हणजे चढणारा नेमका माऱ्यात यावा. हे नरसाळं पूर्वेच्या बाजूला लावलेलं असायचं, देश सोडून जाणाऱ्या आपल्याच माणसासाठी. मिखाएल गार्टेनश्लेगर या तरुणाने १९७६ मध्ये पश्चिमेकडून रात्री जाऊन असली दोन यंत्रं उतरवून आणली आणि जगाला दाखवली, कारण पूर्व जर्मनी ती असल्याचंच नाकारत होती. तिसरं काढायला गेला तेव्हा श्टाझीचे सैनिक दबा धरून बसले होते. १ मे १९७६ ला त्यांनी त्याला गोळ्या घातल्या.

ही यंत्रं कर्जामुळेच निघाली का? अभ्यासक याबद्दल सावध आहेत आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. असल्या शस्त्रांवरचा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर १९८३ मध्ये अमलात येत होता, पूर्व जर्मनीने त्यावर सही केलेली होती, आणि ती काढण्याचा विचार आधीपासून चालू होता. शिवाय गोळी घालायचा हुकूम तसाच राहिला. बर्लिनच्या भिंतीवर फेब्रुवारी १९८९ मध्येही एक वीस वर्षांचा मुलगा मारला गेला. मागे दुसरं कुंपण उभं करून पहारा उलट घट्टच केला होता. तरीही माझं मत असं की कर्जाने वेळ ठरवली. जे कधीतरी करायचं ते आता करा, हे सांगणारा कुणीतरी समोर आला, आणि त्याच्या हातात त्यांना हवी असलेली गोष्ट होती. ज्यांच्या अंगावर ते नरसाळं उडालं नाही, त्यांना ते वर्षभर आधी निघालं की नंतर याने फरक पडतो.

आता त्या शंभर कोटींचं झालं काय? लोकांना वाटतं की त्यातून दुकानात संत्री आणि कॉफी आली असेल. तसं झालं नाही. पैशाचा मोठा भाग पूर्व जर्मनीने पाश्चात्त्य बँकांमध्येच ठेव म्हणून ठेवून दिला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे वेडेपण वाटेल: कर्ज काढायचं, त्यावर लिबोर अधिक एक टक्का भरायचा आणि तेच पैसे कमी व्याजाने ठेवायचे. पण बँकवाला हे बघितल्या बघितल्या समजतो. त्या काळी पाश्चात्त्य बँकांकडे प्रत्येक देशाचे किती पैसे आहेत हे आकडे एकत्र करून छापले जात. पूर्व जर्मनीची शिल्लक वाढलेली दिसली की कर्ज देणाऱ्याचा हात मोकळा होतो. शिवाय मागे बॉन उभं आहे हे सगळ्यांनी पाहिलं होतं. जुलै १९८४ मध्ये ९५ कोटी मार्कांचं दुसरं कर्ज आलं, या वेळी डॉइचे बँकेच्या पुढाकाराने. आणि पाठोपाठ जपानी, अमेरिकी बँकाही त्याच आउसेनहांडेल्सबँकेच्या नावावर सिंडिकेट करायला परत आल्या, बॉनच्या हमीशिवाय. पंच्याण्णव कोटी किंवा शंभर कोटी या रकमा त्या देशाच्या एकूण देण्यापुढे लहान होत्या. त्यांनी बंद पडलेली साखळी सुरू केली.

भारतीय वाचकाला १९९१ आठवेल. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनकडे रवाना झालं. त्या ४७ टनांवर हाती आले सुमारे ४० कोटी डॉलर. तेव्हा मी नुकतीच इकडे रुळत होते आणि जर्मन सहकारी मला विचारायचे, तुमचा देश दिवाळखोर झाला का? झाला नव्हता. आपण एकही हप्ता चुकवला नाही. चुकवणार नाही हे लोकांना पटावं म्हणून सोनं दाखवावं लागलं. पुढे पोखरणच्या स्फोटांनंतर निर्बंध आले तेव्हा १९९८ मध्ये देशाला डॉलर हवे होते आणि समोर उभी राहिली तीही स्टेट बँकच. ‘रिसर्जंट इंडिया बाँड’ काढून तिने परदेशी राहणाऱ्या भारतीयांकडून ४२० कोटी डॉलर उभे केले. २००० मध्ये ‘इंडिया मिलेनियम डिपॉझिट’ने ५५० कोटी. आमच्या ओळखीच्या फ्रँकफर्टमधल्या मराठी घरांत त्या फॉर्मवर बरीच खलबतं झाली. व्याज चांगलं होतं हे खरंच, पण आई-वडिलांच्या देशाला गरज आहे ही भावनाही त्यात होती. आजही आपल्या सरकारी बँका आणि वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्या परदेशी बँकांच्या गटाकडून डॉलरमध्ये, येनमध्ये कर्ज घेतात. लिबोर २०२३ मध्ये संपला, त्याची जागा नव्या दरांनी घेतली, कागदांची रचना मात्र फारशी बदललेली नाही. अशी बातमी वाचली की मी रक्कम शेवटी बघते. आधी बघते की हमी कुणाची, तारण काय, परतफेड कोणत्या वर्षी एकदम येऊन पडते, आणि घेतलेल्या चलनातच त्या बँकेचं उत्पन्न आहे का.

पूर्व जर्मनीत हे चार प्रश्न विचारायची सोय नव्हती, आणि माझ्या मते त्या देशाच्या कर्जव्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय हाच. किती देणं आहे हे पक्षाच्या मूठभर लोकांना माहीत होतं, आणि त्यांनाही पूर्ण नाही. होनेकर सत्तेवरून गेल्यावर ऑक्टोबर १९८९ च्या शेवटी नियोजन आयोगाचे प्रमुख गेरहार्ड श्यूरर यांनी पॉलिटब्यूरोपुढे अहवाल ठेवला: पाश्चात्त्य देशांचं देणं ४९०० कोटी मार्क, आणि ते वाढणं नुसतं थांबवायचं तर पुढच्या वर्षी लोकांचं राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावं लागेल. नवे प्रमुख एगॉन क्रेंझ हा आकडा घेऊन मॉस्कोला गेले. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनाही तो ऐकून धक्का बसला. आठवड्याभराने, ९ नोव्हेंबरला, भिंत उघडली. आणि दहा वर्षांनी बुंडेसबँकेने सगळी वहीखाती तपासून हिशेब मांडला तेव्हा निव्वळ देणं निघालं सुमारे २००० कोटी मार्क. फरक कुठून आला? शाल्क यांच्या ‘कोको’ या गुप्त व्यापार-विभागाने बाहेर साठवून ठेवलेल्या ठेवी नियोजनाच्या कागदात धरलेल्याच नव्हत्या. देशाचं नियोजन करणाऱ्या माणसालाच देशाची शिल्लक सांगितलेली नव्हती. ‘कोको’ म्हणजे तोच विभाग, ज्याने जुन्या वस्तूंपासून शस्त्रांपर्यंत सगळं विकून मार्क कमावले. राजकीय कैदी सोडण्याच्या बदल्यात पश्चिमेने दिलेला पैसाही त्याच्याच हातून फिरायचा. १९६४ पासून भिंत पडेपर्यंत तेहतीस हजारांहून अधिक कैदी असे पैसे देऊन सोडवले गेले. डिसेंबर १९८९ मध्ये शाल्क पळून पश्चिमेला आले आणि पुढे बव्हेरियातच, टेगर्नझे तलावाकाठी राहिले. श्ट्राउस त्याआधीच, ३ ऑक्टोबर १९८८ ला वारले होते. दोन वर्षांनी याच तारखेला दोन्ही जर्मनी एक झाल्या.

कर्जाने त्या राजवटीचं आयुष्य वाढवलं, ती १९८३ मध्येच कोसळली असती, असं म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. १९८३ मध्ये मॉस्कोत सत्तेवर आंद्रोपोव्ह होते. तेव्हा पूर्व जर्मनी आर्थिकदृष्ट्या कोसळती तर रस्त्यावर रणगाडे येण्याचीच शक्यता जास्त होती. पोलंडमध्ये दीड वर्षापूर्वीच लष्करी कायदा लागला होता. १९८९ मध्ये मॉस्कोने रणगाडे पाठवायला नकार दिला म्हणून पूर्व जर्मनीतली माणसं मेणबत्त्या घेऊन लाइप्झिगच्या रस्त्यावर उभी राहू शकली. मधली सहा वर्षं विकत घेतली गेली, आणि ती फुकट गेली नाहीत.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई थुरिंगियाच्या. त्यांनी देश सोडायचा अर्ज केल्यावर त्यांची शाळेतली नोकरी गेली, मग त्या धोबीकारखान्यात राबल्या, आणि १९८४ च्या वसंतात एके दिवशी त्यांना सांगण्यात आलं की आज संध्याकाळपर्यंत निघायचं. दोन सुटकेसा आणि सात वर्षांची मुलगी घेऊन त्या गीसेनच्या छावणीत पोचल्या. मिलिआर्डेनक्रेडिटचा आणि आपल्या परवान्याचा काही संबंध होता का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी एकदा त्यांना कर्जाचा सगळा व्यवहार, हमी, रस्त्याचं भाडं, ठेवी, कागदावर आकडे मांडून दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन पाहिला आणि विचारलं, हे त्या वेळी आमच्याकडच्या कुणाला ठाऊक होतं?

त्यांचे वडील गावीच राहिले होते. १ जुलै १९९० ला पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क आला. वडील साठी ओलांडलेले, म्हणून बचत खात्यातले ६,००० मार्क त्यांना एकास एक भावाने बदलून मिळाले, त्यावरच्या रकमेचे निम्मे झाले. आउसेनहांडेल्सबँकेच्या परदेशी धनकोंचं काही बुडालं नाही. पूर्व जर्मनीने शेवटपर्यंत परतफेड थांबवली नव्हती, आणि जे देणं उरलं ते एकत्र जर्मनीने अंगावर घेतलं.